चुंबळीचं विमान

आमच्या बाहेरच्या खोलीत स्लॅबला एक लोखंडी कडी आहे. घर बांधलं तेव्हाच माझ्या नणंदेनं गवंड्याच्या मागं लागून ती बसवून घेतली होती, होणाऱ्या लेकराच्या झोळीसाठी. तेव्हा लेकराचा पत्ताही नव्हता. मी नवी नवरी. येणारा-जाणारा आधी त्या कडीकडं बघायचा, मग माझ्याकडं, आणि मला वालूर सोडून माहेरी पळून जावंसं वाटायचं. पुढं त्या कडीला झोळी लागली, माझी लेक तिच्यात झोपली, मोठी झाली, लांबच्या शहरात इंजिनियरिंगला गेली. आणि एका उन्हाळ्यात त्याच कडीला मी विमान टांगलेलं बघितलं.

उन्हाळ्यात शाळा सकाळची. दुपारी घरी यायचं, पायांवर पाणी घ्यायचं, भाकरीचे चार घास पोटात ढकलायचे आणि कूलरसमोर फरशीवर आडवं व्हायचं हा माझा नेम. डोळे मिटता मिटता वर बघावं तर ते विमान कूलरच्या वाऱ्यावर हळूहळू फिरत असायचं. एकदा तोंड दाराकडं, एकदा कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीकडं, एकदा माझ्याकडं. झोप पुरती लागलेली नसते आणि जागही राहिलेली नसते, त्या मधल्या वेळात ते मला खरंच उडताना दिसायचं. खाली येलदरीचं पाणी दिसायचं. लेक लहान असताना आम्ही तिथं धरणाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, माझे मालक वीजघरात नोकरीला म्हणून. ते पाणी, पाण्यावर टेकणारे पाणकावळे आणि काठावर फ्रॉकमधली माझी पोरगी. मग कुणीतरी भांडं आपटायचं आणि मी जागी व्हायचे. भांडं आपटणारी बहुतेक वेळा माझी नणंदच असायची.

विमान म्हणजे आभाळात आपण बघतो तसलं नव्हे. त्याला पंखांची टोकंच नव्हती. दोन बाजूंना निघालेले पंख बाहेर जाऊन थांबायच्या ऐवजी वर वळले होते आणि पाठीवरून येऊन एकमेकांना भेटले होते. समोरून बघितलं तर एक मोठं कडं, आणि त्या कड्यातून आरपार गेलेलं बारीक अंग. माणूस बसायचं नव्हे, रिमोटवर उडवायचं. पण मी दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाही एवढं. नाकाशी छोटी मोटर, तिच्यावर पातं. हलक्या बाल्सा लाकडाच्या काड्यांचा नुसता सांगाडा, आणि त्याच्यावर फाटून लोंबणारं प्लॅस्टिक.

माझ्या नणंदेनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा कमरेवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली.

"अगं माय! ही तर चुंबळ हाय," ती म्हणाली. "घागरीखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ. हिच्यावर काय ठिवणार हायस गं पोरी, ढग?"

तेव्हापासून आमच्या गल्लीत ते चुंबळीचं विमान झालं.

नणंदेला मी अक्का म्हणते. मालकांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परतली आणि वाकळी शिवून स्वतःचं पोट स्वतः भरायला लागली. अजूनही भरते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत गोल गोल मध्यापर्यंत यायचं. अख्ख्या वालुरात तिच्या हातच्या वाकळी आहेत. मला ती बाई म्हणते. शाळेत शिकवते म्हणून गावच मला बाई म्हणतं, पण गावाच्या तोंडी त्यात मान असतो. अक्काच्या तोंडी काय असतं ते तीस वर्षं झाली तरी मला नीट कळलेलं नाही.

लेक घरी आली ती चैत्रात, परीक्षेच्या ऐन तोंडावर. एका खांद्यावर बॅग, आणि सेलू स्टेशनवरून रिक्षाच्या टपावर बांधून आणलेला हा सांगाडा. कॉलेजात चौघांनी मिळून शेवटच्या वर्षाचं विमान करायचं होतं. कड्यासारख्या पंखाची कल्पना हिची. चाचणीच्या दिवशी ते वर गेलं आणि सगळ्या कॉलेजसमोर नाकावर पडलं. बाकीचे तिघं दुसऱ्याच दिवशी साध्या, सरळ पंखाकडं वळले. ही वळली नाही. भांडली, रडली आणि विमान उचलून घरी आली.

"मी आता जाणार न्हाई," उंबऱ्यातच तिनं सांगून टाकलं.

मी तिला काय काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. माझं तोंड तिखट आहे. पण माझ्या ओरडण्याला त्या दिवशी धार नव्हती. कारण चार वर्षांत पहिल्यांदा आडदिवशी घरात तिसरं ताट लागलं होतं. मालक आठवडाभर येलदरीला, रविवारी घरी. बाकीचे दिवस मी आणि अक्का, एकमेकींचे दोष काढत बसलेल्या. पोरगी आली आणि दोरीवर तिचे कपडे दिसायला लागले, आरशाला टिकल्या चिकटल्या, मागच्या खोलीतून गाणं ऐकू यायला लागलं. शाळेत मी पालकांना बोलावून बोलावून सांगते, पोरींना बाहेर पाठवा, घरात बसवू नका. सांगताना माझा आवाज खणखणीत असतो. आणि घरी येताना मात्र वाटायचं, आपली आहे तशीच राहू दे बाई घरात. खोटं कशाला बोलू, वाटायचं.

चार-सहा दिवसांनी तिनं स्वतःच अट घातली. जेवता जेवता म्हणाली, "मम्मी, परीक्षा पुढच्या खेपेला देता येती, आणि विमानासाठी सरांनी जूनपर्यंत थांबतो म्हणून सांगितलंय. मी हे विमान इथं दुरुस्त करते. उडालं तर परत जाते. न्हाई उडालं तर इथंच शिकवण्या घेते. मग मला कुणी काही बोलायचं न्हाई."

"कुणी बोलत न्हाई," अक्का म्हणाली. "पण ही चुंबळ उडायची कशी, ते तर सांग."

लेकीनं ताटातली भाकरी उचलून हातात आडवी धरली. "आत्या, हा पंख. खालून हवा वर ढकलती. पण टोकाशी आली की ती टोकावरून वर सांडती. तेवढी ताकद वाया जाती. टोकच न्हाई ठेवलं तर सांडणार कुठून?"

अक्कानं घास चावत चावत विचार केला. "मग पहिल्यांदा कामून पडलं?"

"वळणावर प्लॅस्टिक नीट बसलं न्हाई. सुरकुत्या पडल्या. सुरकुत्यांत हवा अडकली."

"हां, असं बोल की," अक्का म्हणाली. "सुरकुती पडली तर वाकळसुद्धा अंगाला टोचती."

कापड आणायला मी सेलूला गेले. लेकीनं सांगितलं होतं, मिळेल तितकं पातळ, पण विणीला घट्ट. दुकानदारानं ओढण्यांचे तागे उलगडले आणि विचारलं, "ताई, कशाचं शिवायचंय?" मी म्हटलं, "विमानाचं." त्यानं माझ्याकडं बघितलं, ताग्याकडं बघितलं आणि अतिशय अदबीनं विचारलं, "मग मॅचिंग अस्तर देऊ का?" रंगावरून घरी आधीच भांडण झालेलं होतं. अक्काला निळा पाहिजे होता. लेक म्हणाली निळं विमान आभाळात दिसणारच नाही. शेवटी मीच माझ्या अधिकारात गर्द जांभळं घेऊन आले, आणि दोघींनीही नाक मुरडलं म्हणजे रंग बरोबर निघाला असं मी समजले.

मग आमच्या ओट्यावर ते काम सुरू झालं. ऊन उतरलं की लेक विमान खाली काढायची, दोन पाटांवर ठेवायची आणि ती नि अक्का समोरासमोर बसायच्या. पहिल्या दिवशी अक्कानं सवयीनं कापड असं काही ताणलं की आतल्या तीन काड्या कटकन मोडल्या. दुसऱ्या दिवशी लेकीनं एवढं ढिलं सोडलं की पंखाला पोट सुटलं. दोघींनी एकमेकींना मनसोक्त बोलून घेतलं. मग हळूहळू हाताला हात लागला. लेक वळणावर बोटानं दाब धरायची आणि अक्का तिच्या बोटामागून बारीक टाके घालत जायची. काठापासून सुरुवात, गोल गोल आत. मी शाळेच्या वह्या तपासायला शेजारी बसायचे आणि तपासायचे काहीच नाही. कडुनिंबाचा मोहर गळत असायचा, जिनिंगकडून उडत आलेला एखादा कापसाचा पुंजका कापडावर येऊन बसायचा, लेक त्याला फुंकर मारायची. पाणी भरून जाणाऱ्या बाया थांबून विचारायच्या, चुंबळ कुठवर आली म्हणून. शिवून झालेल्या भागावर लेक लॅकरचा हात द्यायची. त्याच्या वासानं डोकं हलकं व्हायचं, आणि ते वाळताना कापड आपोआप ताणत जायचं. टिचकी मारली की हलगीसारखं वाजायचं. मी दिवसातून कितीतरी वेळा येता-जाता टिचकी मारायचे. मला वाटायचं, हे असंच चालू राहावं. ना ते पुरं व्हावं, ना उन्हाळा संपावा.

इथं अक्काच्या एका रिवाजाचं सांगायला पाहिजे. घर सोडून लांब जाणाऱ्या पोरीसाठी ती वाकळ शिवते तेव्हा तिच्या पोटात, डाव्या हाताच्या कोपऱ्यात, जिथून टाके सुरू होतात तिथं, त्या घरातल्या माणसाच्या अंगावरच्या जुन्या कापडाची एक घडी घालते. आईचं, आजीचं, कुणाचंही. पोरीला सांगत नाही. सांगायचं नसतंच. "पोट मोकळं ठिवून लांब धाडायचं न्हाई," एवढंच तिचं म्हणणं. आमची लेक पहिल्यांदा कॉलेजला निघाली तेव्हा अक्कानं आधी महिनाभर खपून वाकळ शिवली होती. आणि पोरगी म्हणाली, "आत्या, हॉस्टेलला गादी असती. हे ओझं कुठं नेऊ?" अक्कानं वाकळ घडी करून पेटीत ठेवली. पण ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. विमान पडून पोरगी परत आली त्या दिवशी चुलीपुढं ती माझ्याजवळ हळूच बोलली, "मोकळी गेलती ना, म्हणून अशी आली." मी तिला म्हटलं, "अक्का, काहीतरीच काय." तिनं फुंकणी उचलली आणि जाळ फुंकायला लागली.

वैशाख निम्मा सरला आणि विमान पुरं झालं. लेकीनं ते दोन बोटांवर तोलून बघितलं, पुढं-मागं, डावीकडं-उजवीकडं. जराही कललं नाही. डाव्या वळणाशी वायर ओढून घ्यायला हातभर शिवण उघडी ठेवली होती, तेवढी वायर बसवून ती अक्काला म्हणाली, "आत्या, एवढं मिटवून घे. सकाळी जाऊ." आणि ती केस धुवायला गेली. मी चहा टाकायला गेले. ओट्यावर अक्का एकटीच होती.

दुसऱ्या दिवशी रविवार, मालक घरी आलेले. उजाडता उजाडता आम्ही चौघं गव्हाच्या मोकळ्या रानात गेलो. शेजाऱ्यांचं रान, गहू निघून गेलेला, जमीन अजून गार. बांधाच्या कडेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, मोठा ढीग. वारा नव्हता. मालकांनी विमान दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. लेकीनं रिमोट धरला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मोटर घोंगावली, मालक चार पावलं पळाले आणि हात मोकळे केले.

ते गेलं. पडलं नाही. हात सोडून गेलं, रान सोडून गेलं, बाभळीच्या वर गेलं. एवढं मोठं जांभळं कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध पहाटेचं आभाळ. आपण दुपारी डोळे मिटून जे बघत होतो तेच हे, असं मला वाटलं. मी झोपेत आहे आणि आता अक्का भांडं आपटेल. मालक तोंड उघडं टाकून बघत होते. आणि मग ते डावीकडं कललं.

लेकीनं रिमोटची कांडी उजवीकडं दाबली. ते जरा सावरलं आणि पुन्हा डावीकडं. आमच्या डोक्यावरून मोठं वळण घेऊन आलं, पुन्हा गेलं, पुन्हा आलं. गोल गोल. लेक "सरळ, सरळ हो की" असं पुटपुटत होती. मला तर ते गोल फिरणंच सुंदर वाटत होतं. खाली येऊच नये वाटत होतं. प्रत्येक फेरीला ते थोडं आत, थोडं खाली येत गेलं, आणि शेवटी पऱ्हाट्यांच्या ढिगात जाऊन शिरलं.

फार काही मोडलं नव्हतं. डाव्या वळणाचं कापड फाटलं, दोन काड्या गेल्या. पण लेकीचा चेहरा मी बघितला.

"संपलं," ती म्हणाली. "तोलून बघितलं होतं मी. तोल बरोबर होता. म्हंजे आकारच चुकलाय. एका बाजूला वळतंच राहणार ते."

"अगं पण उडालं की," मालक म्हणाले.

"पप्पा, गोल फिरणं म्हंजे उडणं न्हाई."

घरी येऊन तिनं विमान पुन्हा कडीला टांगलं. मालक संध्याकाळच्या गाडीनं येलदरीला गेले. दुसऱ्या दिवशी लेकीनं गल्लीतल्या दोन पोरींच्या आयांना शिकवणीचं विचारलंसुद्धा. मी त्या दिवशी धपाटे केले, लोणी काढलं, घट्ट दही लावलं. माझे हात आपोआप चालत होते. मला आनंद झाला होता. पोरगी कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि मला, तिच्या आईला, आनंद झाला होता. तो आनंद मला नकोसा वाटत होता आणि तरीही तो जात नव्हता.

त्या दुपारी मी पडले ती विमानाच्या बरोबर खाली. कूलरचा वारा, वाळ्याचा वास. विमान फिरत होतं. फाटलेलं डावं वळण माझ्यावरून गेलं, लांब गेलं, पुन्हा आलं. फटीतून काहीतरी हिरवं दिसलं. डोळे मिटले. उघडले तर पुन्हा ते हिरवं. पोपटी, त्याच्यावर बारीक पांढरी नक्षी. ही नक्षी मला कुठं भेटली होती? झोपेत मी तिला हात लावला, ती मऊ होती, तिला दुधाचा वास होता आणि तिच्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली होती.

मी खाडकन जागी झाले. ती झोळी होती. अक्काच्या पोपटी पातळाची झोळी, याच कडीला टांगलेली. तिची एक घडी विमानाच्या पंखात होती.

मला सगळं एका क्षणात कळलं. कापडाची जाड घडी, अगदी बाहेरच्या वळणात, तोल बघून झाल्यावर घातलेली. आकार चुकलेला नव्हता. विमान डावीकडं वळलं ते अक्कामुळं. आणि हे या घरात फक्त मला माहीत होतं.

मी उठले नाही. तशीच पडून राहिले. बाहेर कावळा ओरडत होता, मागच्या खोलीत लेक कूस बदलत होती. नुसतं गप्प राहायचं होतं. पोरगी गावात राहिली असती, पाच वाजता ओट्यावर पोरी जमल्या असत्या, घरात रोज तिसरं ताट. कुणाचं काही वाईट झालं नसतं. ते हिरवं माझ्यावरून येत-जात राहिलं. आणि मला एवढंच दिसत राहिलं की ती आता माझ्या घरात भिंतीकडं तोंड करून झोपते. गेली चार वर्षं ती लांब होती, पण तिचं तोंड कधी भिंतीकडं नव्हतं.

"इकडं ये गं," मी हाक मारली.

ती आली. मी बोट वर केलं. तिनं विमान थांबवलं, फटीत दोन बोटं घातली आणि ती घडी बाहेर ओढली. तळहाताएवढी, चौकोनी, चारी बाजूंनी टाके घातलेली.

अक्का दारात उभी होती. कधी आली कळलं नाही.

"आत्या," लेक म्हणाली, "हे तू घातलंस?"

"मी न्हाई तर कोण? मोकळं कसं धाडू?"

"धाडू? कुठं धाडू?"

"आता कुठं म्हंजी! तूच म्हणलीस की, उडालं की जाते म्हणून." अक्का चिडल्यासारखी बोलत होती. "मला ठावं हुतं उडणार हाय. तुला गादी पुरती, वाकळीचं वझं हुतं. म्हणलं ह्याच्यात घालावं. ह्याला घिऊनच जाशील ना? ह्याला तर टाकून जायची न्हाईस."

आमच्या घरात विमानावर आणि पोरीवर भरवसा ठेवणारी ही एकटीच होती, हे मला त्या क्षणी कळलं. पोरीला स्वतःला नव्हता. मी तर न उडण्याचीच वाट बघत बसले होते. आणि अक्कानं तोंडानं चुंबळ चुंबळ म्हणत तिची पाठवणी कधीच करून टाकली होती.

"आत्या, ह्याच्यामुळंच ते डावीकडं वळलं गं," लेक म्हणाली. तिला हसू येत होतं आणि डोळे भरले होते.

"घराकडंच वळायलतं की. त्यात काय वाईट?" मग अक्काचा आवाज खाली आला. "काढून टाक मग. विमान तुजं हाय."

तेच सोपं होतं. घडी काढायची, काड्या चिकटवायच्या, शिवण घालायची. लेकीनं ती घडी तळहातावर घेऊन जरा वर-खाली केली, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं. बाजूला ठेवली नाही. माझ्याकडं वळली.

"मम्मी, तुझ्या एखाद्या साडीची दे की. एवढीच. उजवीकडं घालते."

कापड दिलं तर विमान सरळ जाणार आणि सरळ गेलं तर ही जाणार. कपाटाकडं जावं, जुनी साडी शोधावी, शोधता शोधता वेळ काढावा, असं मनात आलं. मग मी अंगावरच्या साडीचाच पदर पुढं ओढला.

"अगं बाई, पदराला कशाला हात लावायलीस!" अक्का ओरडली. "आतलं टोक काप. निऱ्यांच्या आतलं. कुणाला दिसतंय? साडी वाया घालती येडी."

कात्री तिनंच दिली. कापलं मी. जुन्या सुती साडीचा तो तुकडा अक्कानं घडी करून चारी बाजूंनी टाचला. लेकीनं तिच्या इवल्याशा डिजिटल काट्यावर आधी पोपटी घडी ठेवली, मग माझी. माझी भरली.

"बाई जडच हाय," अक्का म्हणाली. "ते मी पयल्यापासून सांगायलेय."

कडेचा थोडा काठ कापून दोन्ही सारख्या केल्या. पोपटी डावीकडं, माझी उजवीकडं. त्या संध्याकाळी शिवण घालताना सुई माझ्या हातात होती. माझे टाके वाकडेतिकडे पडले आणि अक्कानं चक्क एकही उसवला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच रानात गेलो. पूर्वेला नुसती तांबूस रेघ. मालक चार पावलं पळाले आणि हात मोकळे केले. जांभळं कडं वर गेलं. मी उजव्या वळणाकडं बघत होते, अक्का डाव्या. कललं नाही. बाभळीवरून गेलं, बांधावरून गेलं, पलीकडच्या रानावर गेलं. त्याच्या मधून आभाळ दिसत होतं तेही लहान होत गेलं. मोटरचा आवाज बारीक झाला. लेकीची बोटं कांडीवर नुसती टेकलेली होती, दाबत नव्हती. तिचा चेहरा मी किती दिवसांनी असा बघत होते.

अक्कानं माझा दंड घट्ट धरला होता.

"वळव गं आता," मी म्हणाले. "लय लांब गेलं."

"मम्मी, तू हायस की त्याच्यात," लेक विमानावरची नजर न काढता म्हणाली. "जरा जाऊ दे की."

सेलूच्या रस्त्याकडं जांभळा ठिपका सरळ चालला होता.

मी म्हटलं, "जाऊ दे."